फ्रान्सियम पाण्यात टाकलं तर?

हेडफोन लावलेत ना? बसमध्ये असाल तर खिडकीची जागा पकडा, आणि स्वयंपाकघरात असाल तर कुकरची शिट्टी होऊन जाऊ द्या, मग सुरू करू.

मागच्या महिन्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. मुलगा अकरावीत आहे, सांगलीचा. म्हणाला, "ताई, सोडियम पाण्यात टाकलं की उड्या मारतं, पोटॅशियम पेटतं, सिझियम तर काचेचं भांडंच फोडतं. मग त्याच्या खालचं फ्रान्सियम टाकलं तर? रीलमध्ये दाखवतात की अख्खा तलाव उडतो. खरंय का?"

प्रश्न एकदम रास्त आहे. त्या रील्स मीही पाहिल्यात. निळा तलाव, वरून पडणारा चंदेरी गोळा, आणि मग अणुबाँबसारखा ढग. मागे ढॅणढॅण म्युझिक. पण एक गोष्ट नीट बघा, त्यातली एकही रील खरी चित्रित केलेली नाही. सगळी ॲनिमेशनं आहेत. कारण डोळ्यांना दिसेल एवढा फ्रान्सियमचा तुकडा आजवर जगात कुणीही पाहिलेला नाही. कुणीही म्हणजे कुणीही. ज्या बाईने तो शोधला, तिनेही नाही.

तर आज त्याच्याबद्दल बोलू. तलावाचं उत्तर देते आधी, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांची सुटका होईल. पण थांबा, खरी गोष्ट त्यानंतर आहे.

आवर्तसारणी डोळ्यांसमोर आणा. सगळ्यात डावीकडचा उभा स्तंभ, गण पहिला, अल्क धातू. लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सिझियम, आणि तळाला फ्रान्सियम, अणुअंक ८७. या सगळ्यांच्या बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन असतो आणि तो त्यांना देऊन टाकायची घाई असते. पुस्तकात आपण शिकतो की खाली जावं तसा अणू मोठा होतो, बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांब जातो, पकड सैल होते, म्हणून धातू जास्त क्रियाशील होतो. हे सिझियमपर्यंत छान चालतं. रीलवाले तोच नियम एक घर खाली ओढतात आणि म्हणतात, फ्रान्सियम सगळ्यांचा बाप.

इथे दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण वेळेची. फ्रान्सियमचा सगळ्यात जास्त टिकणारा समस्थानिक म्हणजे फ्रान्सियम-२२३, आणि त्याचं अर्धायुष्य आहे २२ मिनिटं. समजा, कुणी जादूने तुमच्या हातात २४ ग्रॅम दिले आणि तुम्ही ठाण्याला स्लो लोकलमध्ये बसलात. साधारण भांडुप-विक्रोळी होईस्तोवर १२ उरले. पुढच्या २२ मिनिटांनी ६. सीएसएमटीला उतरता उतरता ३. उरलेलं कुठे गेलं? त्याचं दुसरंच मूलद्रव्य झालं, बहुतेक सगळ्याचं रेडियम.

पण तुम्ही सीएसएमटीला पोचणारच नाही. एका ग्रॅममध्ये दर सेकंदाला किती अणू फुटतील याचा मी हिशोब मांडून बघितला, तो येतो एकावर अठरा शून्यांच्या थोडा पुढे. प्रत्येक अणू फुटताना ऊर्जा सोडतो. सगळी मिळून उष्णता किती? तुमच्या बाथरूममधला गीझर दोन-तीन किलोवॅटचा असतो, असे वीसहून जास्त गीझर एका ग्रॅममध्ये एकदम चालू आहेत असं समजा. म्हणजे तुकडा तयार झाला रे झाला की स्वतःच्याच उष्णतेने त्याची वाफ होणार. तो पाण्यापर्यंत पोचायला उरतच नाही. आणि आसपास जो उभा असेल त्याला स्फोटाची चिंता करायला फुरसत मिळणार नाही, किरणोत्सारच पुरेसा आहे.

दुसरी अडचण मला जास्त आवडते. फ्रान्सियमच्या केंद्रकात ८७ प्रोटॉन आहेत. इतक्या मोठ्या धनप्रभाराजवळचे इलेक्ट्रॉन भयानक वेगात असतात, सगळ्यात आतले तर प्रकाशाच्या वेगाच्या साठ टक्क्यांहून जास्त. एवढ्या वेगाला आइनस्टाइनची सापेक्षता लागू होते. तिचा परिणाम असा, की केंद्रकाच्या जवळून जाणारे इलेक्ट्रॉन आत ओढले जातात, कक्षा आक्रसते. आणि फ्रान्सियमचा तो बाहेरचा एकुलता एक इलेक्ट्रॉनही त्यात सापडतो, कारण अधूनमधून तोही केंद्रकाजवळ फेरी मारून येतो. त्यामुळे तो सैल व्हायच्या ऐवजी थोडा घट्टच धरला जातो. मोजमाप असं आहे: सिझियमचा इलेक्ट्रॉन काढायला ३.८९ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, फ्रान्सियमचा काढायला ४.०७. म्हणजे इलेक्ट्रॉन देण्यात सिझियम पुढे आहे. खाली जाईल तसा पकड सैल होण्याचा नियम शेवटच्या पायरीवर उलटतो.

सोनं पिवळं का दिसतं आणि पारा खोलीत द्रव का असतो, याच्या मागेही हाच सापेक्षतेचा परिणाम आहे. सराफाच्या दुकानात काचेआड जे झळकतंय ते आइनस्टाइनमुळे, हे पुढच्या वेळी आईला सांगा. सोन्याकडे आपण परत येणार आहोत, लक्षात ठेवा.

तर सांगलीच्या मित्रा, तलाव उडणार नाही.

आता फोन हातात आहेच तर फ्रान्सियम सर्च करा. द्रवणांक दिसेल, २७ अंश सेल्सिअस. उत्कलनांक दिसेल. घनता दिसेल. हे सगळं कुणी मोजलं? कुणीच नाही. मोजायला तुकडा हवा ना! वरच्या भावंडांचे आकडे बघून, गणित करून काढलेले ते अंदाज आहेत, आणि वेगवेगळ्या पद्धतींनी ते वेगवेगळे येतात. चांगल्या तक्त्यात त्या आकड्यापुढे प्रश्नचिन्ह असतं, ते स्क्रीनशॉटमध्ये गळून पडतं. मला हे फार गमतीचं वाटतं. दिसायला पक्की वाटणारी माहिती, आणि आत नुसता अंदाज. याउलट तो ४.०७ चा आकडा मात्र खरोखर मोजलेला आहे, कारण त्यासाठी तुकडा लागत नाही, सुटे अणू आणि लेझर पुरतो. ते कसं, तेही पुढे येतंय.

मग हे सापडतं कुठे? तर युरेनियमच्या खनिजात. युरेनियम-२३५ हळूहळू फुटत जातं आणि त्याची एक वंशावळ तयार होते. त्या वंशावळीत मधे एक नातेवाईक येतो, ॲक्टिनियम-२२७. हा बहुतेक वेळा एका वाटेने जातो आणि त्याचं थोरियम होतं. पण शंभरातला साधारण एखादा अणू दुसरी वाट धरतो. तो अल्फा कण फेकतो, म्हणजे दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन एकदम. ॲक्टिनियमचा अणुअंक ८९, त्यातून दोन गेले, राहिले ८७. झालं फ्रान्सियम. वस्तुमानांक २२७ मधून चार गेले, २२३. वजाबाकी एवढीच.

पृथ्वीच्या सगळ्या कवचात मिळून, कुठल्याही एका क्षणाला, किती फ्रान्सियम असेल? अंदाज आहे वीस ते तीस ग्रॅम. म्हणजे दोन-तीन तोळे! अख्ख्या पृथ्वीचं मिळून एक बऱ्यापैकी मंगळसूत्र. आणि तेही एका जागी नाही, एकेक अणू करून जगभर विखुरलेलं. शिवाय आत्ता जे आहे ते तासाभराने नसेल, दुसरं असेल. संध्याकाळी सहा वाजता दादरच्या पुलावर गर्दी तेवढीच दिसते, पण दर मिनिटाला माणसं वेगळी असतात. तसं.

निसर्गात पहिल्यांदा सापडलेलं हे शेवटचं मूलद्रव्य. त्यानंतरची सगळी आधी प्रयोगशाळेत बनवली गेली. आणि हे सापडायच्या आधी सत्तरेक वर्षं लोक त्याच्या मागावर होते. मेंडेलीव्हने १८७१ मध्येच सिझियमखाली जागा रिकामी ठेवली होती. मग जो तो उठला आणि म्हणाला, मला सापडलं. दोब्रोसेर्दोव नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला पोटॅशियममध्ये किंचित किरणोत्सार दिसला, त्याने नाव सुचवलं रसियम. तो किरणोत्सार पोटॅशियमचा स्वतःचाच होता. अमेरिकेत ॲलिसनने नाव दिलं व्हर्जिनियम. रुमानियाचा हुलुबेई म्हणाला मोल्डाव्हियम. प्रत्येकाने आपापल्या गावाचं नाव खिशात तयार ठेवलेलं! मूलद्रव्य मात्र कुणाच्याच खिशात नव्हतं.

कारण शोधायची पद्धतच चुकत होती. सगळे जुन्या, शांत पडलेल्या खनिजांत शोधत होते. जे २२ मिनिटांत अर्धं होतं ते बाटलीत साठून राहत नाही. त्याला ते जन्मतानाच गाठावं लागतं.

आता पॅरिस, साल १९२९. मार्गरित पेरे, वय १९. मी तिला अगं-तुगं करतेय, कारण तेव्हा ती तुमच्याच वयाची होती. वडील लहानपणीच गेलेले. डॉक्टर व्हायचं होतं, पण घरात तेवढे पैसे नाहीत. म्हणून मुलींच्या तांत्रिक शाळेतून रसायनशास्त्राचा डिप्लोमा केला. पदवी नाही. त्या डिप्लोम्यावर रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये सहायकाच्या नोकरीसाठी मुलाखतीला गेली. तिथे काळ्या कपड्यांतली एक किरकोळ शरीराची बाई तिच्याशी बोलायला आली. मार्गरितला वाटलं, ही इथली सेक्रेटरी असणार. बोलता बोलता कळलं, या मेरी क्युरी. दोन नोबेलवाल्या. बाहेर पडताना तिला खात्री होती की काही आपली निवड होत नाही. झाली.

काम काय? ॲक्टिनियम शुद्ध करायचं. सांगायला एक ओळ आहे, पण करायला किती कठीण ते बघा. एक टन युरेनियम असलेल्या खनिजात ॲक्टिनियम असतं साधारण ०.२ मिलिग्रॅम. आणि ते दुर्मीळ मृदा धातूंमध्ये, विशेषतः लँथॅनममध्ये, असं मिसळलेलं असतं की दोघं रासायनिकदृष्ट्या जुळी भावंडं. वेगळी करायची म्हणजे विरघळवा, अवक्षेप पाडा, गाळा, पुन्हा विरघळवा. दिवसेंदिवस, महिनोन्‌महिने. उकळणाऱ्या पात्रांवर वाकून. आज असं काम हवाबंद काचपेटीत, जाड हातमोज्यांतून होतं आणि कॉलरला किरणोत्सार मोजणारा बिल्ला असतो. तेव्हा तसं नव्हतं.

१९३४ मध्ये मेरी क्युरी गेल्या. रक्ताच्या आजाराने, अस्थिमज्जेने रक्त बनवणंच सोडलं होतं. मार्गरित काम करत राहिली. आता वरती होते आंद्रे दबिएर्न, ज्यांनी ॲक्टिनियम शोधलं होतं ते, आणि मेरींची मुलगी इरेन जोलियो-क्युरी.

१९३८ संपत आलं तेव्हा तिच्यासमोर एक कोडं होतं. ॲक्टिनियमचा स्वतःचा किरणोत्सार फारच क्षीण असतो. पण तो मोजायला जावं तर त्याच्या मुला-नातवंडांचा गोंगाट एवढा असतो की म्हाताऱ्याचा आवाज ऐकूच येत नाही. शुद्ध केलेलं ॲक्टिनियम चार-सहा दिवस ठेवलं तरी त्यात थोरियम, रेडियम असली पिल्लावळ तयार होते आणि तीच बोलायला लागते. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी ॲक्टिनियमवर मोजमापं केली होती, पण नमुना हातात यायचा तोवर त्याला उशीर झालेला असायचा.

मार्गरितकडे दहा वर्षांचा हात होता. तिने ॲक्टिनियममधून सगळी पिल्लावळ काढून टाकली आणि लगेच, म्हणजे अक्षरशः मिनिटांच्या हिशोबात, ते यंत्राखाली धरलं. आणि यंत्राने काहीतरी विचित्र दाखवलं. किरणोत्सार वाढत गेला, वाढला, आणि तास-दोन तासांत एका पातळीवर येऊन थांबला. ही वाढ थोरियमची नव्हती, त्याला दिवस लागतात. वाढीचा वेग सांगत होता की नवीन जन्मणाऱ्या गोष्टीचं अर्धायुष्य २१ मिनिटांच्या आसपास आहे. असं मूलद्रव्य तोवर कुणाच्या यादीत नव्हतं.

मग तिने एकेकाला बाद केलं. हे रेडियम आहे का? बेरियमबरोबर खाली बसतं का बघा. नाही बसत. शिसं? बिस्मथ? थोरियम? कुणाशीच जमेना. मग द्रावणात सिझियमचं लवण घातलं आणि परक्लोरेटचे स्फटिक पाडले. त्या स्फटिकांबरोबर तो किरणोत्सार गुपचूप आला. सिझियमच्या संगतीला जातो, म्हणजे सिझियमचा भाऊ. अल्क धातू. अणुअंक ८७.

पॉडकास्टमध्ये असली रसायनं सांगितली की लोक पुढे ढकलतात, मला माहितीये. पण हे पुन्हा ऐका. तिने ते पाहिलं नाही. त्याचं वजन केलं नाही. ते कुणाबरोबर जातं आणि किती वेळात संपतं, या दोनच गोष्टींवरून ते काय आहे हे सिद्ध केलं. आणि ज्यासाठी पदवी लागत नाही असं जे कौशल्य, भरभर आणि स्वच्छ काम करणारे हात, त्याच्यावर ते उभं होतं.

जानेवारी १९३९ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीसमोर तिचा निबंध सादर झाला. सादर केला झां पेरँ यांनी, कारण तो अकादमीच्या सदस्याने मांडायचा असतो. निबंधावर नाव एकटीचं, मार्गरित पेरे. वय २९, अजूनही पदवी नाही. डॉक्टरेट मिळावी म्हणून ती मग अभ्यासाला बसली, मधे दुसरं महायुद्ध झालं, आणि १९४६ मध्ये सोरबॉनने तिला डॉक्टरेट दिली. एखादं मूलद्रव्य शोधून झाल्यावर रीतसर कॉलेजचा अभ्यास करायचा, कल्पना करा!

नावाचा किस्सा छोटासाच. तिने आधी सुचवलं होतं कॅटियम, धन आयनाला कॅटायन म्हणतात म्हणून. इरेनबाई म्हणाल्या, इंग्रजी बोलणाऱ्यांना हे मांजरीचं मूलद्रव्य वाटेल. मग ठरलं फ्रान्सियम. शेवटी तिनेही देशाचंच नाव दिलं, पण आधी सापडलं आणि मग नाव दिलं, हा फरक.

१९४९ मध्ये ती स्ट्रासबर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाली. आणि १९६२ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीने तिला संलग्न सदस्य म्हणून निवडलं. अकादमीच्या तीनशे वर्षांच्या इतिहासात निवडून आलेली पहिली बाई. मेरी क्युरींना याच अकादमीने १९११ मध्ये नाकारलं होतं. इरेनना तर पुन्हा पुन्हा. दोघी नोबेलवाल्या. ज्या मुलीला नोकरी मिळेल याचीही खात्री नव्हती ती त्या दारातून आत गेली. पण पूर्ण सदस्यत्व नव्हे हं, संलग्न. पूर्ण सदस्य व्हायला बायकांना १९७९ उजाडावं लागलं.

आणि ती आत गेली तेव्हा खूप आजारी होती.

हातांवर आधीपासून किरणोत्साराच्या जखमा होत्या. मग कर्करोग. आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं उपचारांत गेली. १३ मे १९७५ ला ती गेली, वय ६५.

यावरही रील्स आहेत. "तिच्याच मूलद्रव्याने तिचा जीव घेतला." ऐकायला नाट्यमय आहे, पण मला हे पटत नाही, आणि का ते सांगते. तिच्या नमुन्यांत फ्रान्सियम होतं किती? नगण्य, आणि तेही दिवसभरात नाहीसं होणारं. शरीरात गेलं असतं तरी थांबलं नसतं. पण ॲक्टिनियम-२२७? तेच, जे ती १९२९ पासून रोज हाताळत होती? ते श्वासातून किंवा जखमेतून आत गेलं की हाडांत आणि यकृतात जाऊन बसतं. तिथे त्याची ती सगळी पिल्लावळ तयार होत राहते आणि आतल्या आत अल्फा कण मारत राहते. आणि त्याचं अर्धायुष्य आहे जवळपास २२ वर्षं.

२२ मिनिटं आणि २२ वर्षं. मुलगा धिंगाणा घालतो आणि निघून जातो. आई गप्प बसून राहते, यंत्रालाही जेमतेम ऐकू येईल इतकी गप्प. आपल्याला भीती वाटते ती स्फोटाची, ढगाची, तलावाची. पण घात केला तो त्या गप्प बसणाऱ्या पदार्थाने, ज्याचा साधा किरणोत्सार मोजणंही अवघड होतं.

तिची एक आशा होती, की फ्रान्सियम कर्करोगाच्या निदानात उपयोगी पडेल. उंदरांवरच्या प्रयोगांत ते गाठींमध्ये जमा होतं असं दिसलंही होतं. पण २२ मिनिटांत रुग्णालयापर्यंत न्यायचं कसं? ते पुढे सरकलं नाही.

आता सोन्याकडे येऊ. पेरे गेल्यानंतर तीन वर्षांनी, १९७८ मध्ये, जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये पहिल्यांदा फ्रान्सियमच्या प्रकाशाचा रंग मोजला गेला. ७१८ नॅनोमीटर, म्हणजे लाल रंगाच्या अगदी काठावर, आपल्या डोळ्यांना जेमतेम. शोधानंतर एकोणचाळीस वर्षांनी! आणि १९९०च्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या स्टोनी ब्रूक विद्यापीठातल्या लोकांनी ते चक्क घरी बनवायला घेतलं. कसं? शुद्ध सोनं घ्यायचं आणि त्यावर ऑक्सिजनचे अणू प्रचंड वेगाने आदळायचे. सोन्याचा अणुअंक ७९, ऑक्सिजनचा ८. करा बेरीज. ८७.

पूर्वीचे किमयागार शिशाचं सोनं करायला निघाले होते. हे लोक सोन्याचं असं काही करत होते जे तीन मिनिटांत अर्धं होतं, कारण असं बनवलेलं फ्रान्सियम-२१० आणखी अल्पायुषी आहे. ते सोनं वितळायच्या बेतापर्यंत तापवायचं, म्हणजे फ्रान्सियम पृष्ठभागावर येऊन उडून जातं. मग ते काचेच्या पोकळीत घेऊन सगळ्या बाजूंनी लेझर मारायचे, चुंबकीय क्षेत्र लावायचं. लेझरच्या धक्क्यांनी अणू मंदावतात आणि मधोमध एका ठिपक्यात अडकतात. सुरुवातीला हजारेक अणू, पुढे दोनेक लाख. त्या ठिपक्याचा कॅमेऱ्याने फोटो काढला. अंधारात एक गोल उजेड.

फ्रान्सियमचा फोटो म्हणून दाखवण्यासारखं जगात जे काही आहे, ते हेच. धातू नव्हे, त्याच्या दोन लाख अणूंनी परत फेकलेला प्रकाश. दोन लाख म्हणजे सुईच्या टोकावर जेवढे अणू असतात त्याच्या पासंगालाही न पुरणारा आकडा. आज कॅनडात व्हँकुव्हरला ट्रायम्फ नावाच्या प्रयोगशाळेत असंच फ्रान्सियम पकडून निसर्ग डावं-उजवं यात भेद कसा करतो याची मोजणी चालते. अणू जितका जड तितका तो परिणाम मोठा दिसतो, म्हणून त्यांना फ्रान्सियम हवं. यावर खरं तर वेगळा भाग होईल, आज त्यात शिरत नाही.

शेवटचा मुद्दा, आणि हा मला सगळ्यात जास्त सांगायचा होता. फ्रान्सियम काही उपयोगाचं नाही, असं पुस्तकात एका वाक्यात संपवतात. पण आज, या काळात, ते माणसांच्या शरीरात तयार होतंय.

प्रोस्टेटचा कर्करोग पसरलेल्या काही रुग्णांवर ॲक्टिनियम-२२५ चे उपचार करून बघितले जात आहेत. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनीही त्यावरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आहेत. हे ॲक्टिनियम पेरेच्या ॲक्टिनियमचं भावंड, पण याचं अर्धायुष्य दहाएक दिवस. त्याला एका रेणूला बांधून शरीरात सोडतात. तो रेणू कर्करोगाच्या पेशी शोधून त्यांना चिकटतो. तिथे ॲक्टिनियम अल्फा कण फेकतं. अल्फा कण फार लांब जात नाही, चार-पाच पेशींपुरताच, म्हणून मार नेमका बसतो. आणि अल्फा कण फेकल्यावर ॲक्टिनियमचं काय होतं? तुम्हाला आता येतंय. ८९ वजा २. फ्रान्सियम-२२१, अर्धायुष्य पाच मिनिटांच्या आत.

इथे फ्रान्सियमचे गुणधर्म खरोखर महत्त्वाचे ठरतात. अल्फा कण सुटताना उरलेल्या अणूला जो धक्का बसतो, तो कुठलाही रासायनिक बंध तोडायला हजारो पटींनी पुरेसा असतो. म्हणजे ज्या रेणूने ॲक्टिनियमला धरून ठेवलं होतं, त्याच्या हातून फ्रान्सियम निसटतं. तसाही तो अल्क धातू, सोडियम-पोटॅशियमच्या कुळातला, असल्या बंधनात राहणाऱ्यातला नाही. तो पेशीच्या आत असेल तर ठीक, तिथेच फुटेल आणि कामच करेल. पण रक्तात मोकळा झाला तर? त्या पाच मिनिटांत तो कुठपर्यंत जाईल? त्याचे पुढचे वंशज, विशेषतः बिस्मथ, मूत्रपिंडांत जाऊन बसतात. म्हणून या उपचारांत डॉक्टर मूत्रपिंडांवर बारीक लक्ष ठेवतात, आणि संशोधक औषध पेशीच्या आत लवकर कसं शिरेल यावर डोकं लढवतात.

आणि पेरेचं ते जुनं, हाडांत बसणारं ॲक्टिनियम-२२७? त्याच्या वंशावळीत पुढे रेडियम-२२३ येतं. रेडियम कॅल्शियमसारखं वागतं, हाडांकडे जातं. प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरलेल्या रुग्णांसाठी त्याचं इंजेक्शन अमेरिकेत २०१३ मध्ये मंजूर झालं. ते रेडियम मिळवण्यासाठी ॲक्टिनियम-२२७ सांभाळून ठेवतात आणि त्यातून पुन्हा पुन्हा काढत राहतात, गाईचं दूध काढावं तसं. म्हणजे विरघळवा, गाळा, वेगळं करा. फक्त आता जाड काचेच्या पलीकडून.

तर सांगलीच्या मित्रा, तुझ्या एका प्रश्नाने एवढं लांबवलं. पुढच्या भागात फ्रान्सियमपेक्षाही दुर्मीळ असलेलं ॲस्टेटिन घेऊ का, की आता थोडे दिवस किरणोत्सार पुरे झाला? कमेंटमध्ये सांगा, नाहीतर व्हॉइस मेसेज टाका. आणि तलाव उडवणारी ती रील कुणी फॉरवर्ड केली असेल, तर त्याला या भागाची लिंक पाठवा. चला, भेटू.